सहा तारखेचं पान

४ मार्च, बुधवार

दाढ काढली एकदाची! खालची, उजवीकडची. दंतवैद्य म्हणतो, "काकू, मुळं फार खोल होती." म्हणजे दोष माझ्याच मुळांचा.

छापखान्यात निरोप धाडला — आज येत नाही. दिवसभर घरीच. वन्संनी तीनदा येऊन सांगितलं की त्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत. अकरा वर्षं झाली त्या भावाकडे राहायला येऊन, तेव्हापासून त्या दातांचा धाक मला आहेच. मी नुसती मान हलवली. तोंडात कापूस असला की मी फार सोज्वळ दिसते.

ह्यांनी विचारलं, "दुखतंय का?" आणि उत्तर यायच्या आत वर्तमानपत्रात शिरले. संध्याकाळी सहाला कोमट दूध घेतलं आणि ही वही उघडली. बोलता येत नाही तर लिहावं.

५ मार्च, गुरुवार

गाल सुजलेला, तरी गेले. दुपारी मशीनवाल्याने बातमी आणली — बसस्टँडमागची दुकानांची ओळ सकाळी आठ वाजता पाडली. बुलडोझर, पोलिस, सगळा लवाजमा. बाइंडरचं दुकान त्याच ओळीत.

सुटल्यावर तिकडे गेले. ओळ नाहीच. विटांच्या ढिगावर बाइंडर बसला होता. त्याचा शिकंजा — पुस्तकं दाबायचा, दोन माणसांना न उचलणारा — आडवा पडलेला, दांडा वाकलेला. मला बघून म्हणाला, "ताई, हुकूम दाखवा म्हटलं. म्हणाले, हुकूम आहे, ऑफिसात आहे. मी म्हटलं, मग बुलडोझर पण ऑफिसातच ठेवायचा होता." आणि हसला. मला हसवेना. दाढेमुळे नव्हे.

ही वही त्यानेच शिवलेली. दरवर्षी रजिस्टरांचा उरलेला कागद घेऊन माझ्यासाठी एक वही करतो, वर नंबरिंग मशीनने पानांना आकडे मारतो. सवयच त्याला, कचेऱ्यांची रजिस्टरं करणारा माणूस. डिसेंबरात देताना म्हणाला होता, "ताई, हिच्यात पान घालता येणार नाही की काढता येणार नाही. जे लिहाल ते विचार करून लिहा." मी म्हटलं, माझ्या वहीत कोण डोकावतंय!

६ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी चारला धावपळ. राजपत्राचा असाधारण अंक, ताबडतोब हवा. दाढेच्या जागी ठणका, पोटात काही नाही. मास्तर आणि मी बसलो.

नवा कारकून दारात उभा राहून बघत होता. म्हणतो, तुम्ही दोघं पाठांतर करता का? करतोच. मास्तर मूळ कागद मोठ्याने वाचतात, ओळीखाली लाकडी पट्टी धरून, एकूण एक खूण उच्चारत. "सर्व्हे नंबर सात एक चार कंसात अ कंस पुरा ते सात एक नऊ कंसात क कंस पुरा स्वल्पविराम." मी प्रुफावर डोळा ठेवते. दोघांनी मिळून दोन चुका काढल्या. एक वेलांटी, एक सुटलेला कंस.

मास्तरांसमोर बसायला लागल्यापासून बावीस वर्षं रोज सहा तास हा आवाज माझ्या कानात आहे, घरच्या कुठल्याही आवाजापेक्षा जास्त. आज दुखत असताना तोच बरा वाटला. हे कुणाला सांगायचं नाही.

प्रुफावर वरची तारीख ४ मार्च होती. मी समासात प्रश्नचिन्ह केलं, आज सहा आहे म्हणून. व्यवस्थापक साहेबांनी ते खोडलं. "जसं आलंय तसं जाऊ द्या." मी सही करून खाली सहा तारीख घालत होते तर साहेब म्हणाले, "मजकूर चारचा आणि सही सहाची कशी दिसेल, बाई? चार घाला." घातली. मास्तरांनीही घातली. घरी जायची घाई होती.

साडेसहाला मशीन सुरू झालं. मी सातला घरी.

७ मार्च, शनिवार

ठणका कमी. वन्संनी लवंग दिली. काही वेळा बऱ्या वागतात.

११ मार्च, बुधवार

ह्यांनी सकाळी वर्तमानपत्र माझ्यापुढे सारलं. हे स्वतःहून पेपर देतात म्हणजे मोठीच गोष्ट. "तुमच्या खात्याचं आलंय."

हायकोर्टाचा निकाल. दुसऱ्याच कुठल्या गावची भानगड — पुलावरून हातगाड्या न्यायला बंदी केली, लोकांना धरलं, आणि बंदीचा हुकूम महिनाभर खात्याच्या कपाटात! कोर्टाने सगळे सोडून दिले. निकालातली दोन वाक्यं छापली आहेत. "जो हुकूम लोकांना वाचायला मिळालाच नाही, तो मोडला म्हणून लोकांना धरता येत नाही. राजपत्र छापून बाहेर पडेल त्या घटकेपासून हुकुमाला जोर येतो, त्याआधी सरकारच्या हातात नुसता कागद असतो."

चारदा वाचलं. तीस वर्षं मी लोकांना सांगते की राजपत्र तपासते, आणि लोक विचारतात, ते कोण वाचतं? घ्या. राज्यघटनेचा अर्थ लावणारा न्यायाधीश म्हणतो की आमच्या दारातून कागद बाहेर पडेपर्यंत सरकारसुद्धा काही करू शकत नाही. डबा घेऊन निघाले तेव्हा पाठ ताठ होती.

मास्तरांना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "दुसऱ्या वाक्यात 'येतो'नंतर अर्धविराम हवा होता."

१३ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते लिहायचं धाडस होत नाही. तरी लिहिते.

बाइंडर घरी आला. ओळीतले सगळे दुकानदार पुलाच्या निकालाचा आधार घेऊन हायकोर्टात जाणार आहेत. वकीलबाईंनी अर्ज करून दिलाय. म्हणाला, "ताई, जरा वाचून दाखवा. चष्मा ढिगाखाली गेला." मी वाचायला लागले. दुसऱ्याच पानावर — सर्व्हे नंबर ७१४ (अ) ते ७१९ (क).

मला पुढे वाचता येईना. कानात मास्तरांचा आवाज. सात एक चार कंसात अ कंस पुरा.

मी वाचलं होतं! त्याच्या दुकानाचा आकडा मी तपासला होता, त्याच्या दुकानाभोवतीचा कंस मी पुरा केला होता. आणि वाचलं काय, ते मला कळलंच नव्हतं. तो विटांवर बसलेला मी आदल्या दिवशी डोळ्यांनी पाहिला होता, तरी कळलं नाही. आमच्या धंद्यात अर्थाकडे लक्ष गेलं की वेलांटी सुटते, म्हणून अर्थाकडे बघायचंच नाही अशी सवय लावून घेतलेली. मला स्वतःची लाज वाटली.

आणि तारीख. सरकार म्हणतंय, पाडायचा हुकूम चारच्या राजपत्रात आला, दुकानं पाचला पाडली, सगळं रीतसर. चार तारखेला मी तोंडात कापूस घालून घरी होते.

बाइंडरला काही सांगितलं नाही. पाणी दिलं, उरलेलं वाचून दाखवलं. जाताना म्हणतो, "तुम्ही वाचलंत की बरं वाटतं."

१४ मार्च, शनिवार

कामात जीव नाही. एका विवरणपत्रात तीन चुका सोडल्या. मास्तरांनी पकडल्या.

१७ मार्च, मंगळवार

सुनावणी झाली. न्यायाधीशांनी विचारलं म्हणे, चारला छापलं याला पुरावा काय? छापखान्याचं दप्तर आणि प्रूफ तपासणाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं महिनाअखेरपर्यंत आणा.

प्रूफ तपासणारे म्हणजे आम्हीच दोघं.

व्यवस्थापकांनी केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली. कधी देत नाहीत. प्रतिज्ञापत्र तयार होतं — "दिनांक ४ मार्च रोजी सायंकाळी आम्ही सदर प्रूफ तपासले." म्हणाले, "प्रुफावर तुमचीच सही आहे ना, बाई? तारीख तुमच्याच अक्षरात आहे ना? मग नवीन काय सांगायचंय?"

मी म्हटलं, त्या दिवशी मी आलेच नव्हते. ते म्हणाले, "हजेरीपटावर तर आहात."

बघितलं. आहे. मशीनच्या नोंदीतही चार मार्चचं नवं पान आहे, शाई अजून काळीभोर. आमची रजिस्टरं म्हणजे भोकं पाडलेल्या फायली. पान काढा, पान घाला.

विचार करून सांगते म्हटलं. साहेब म्हणाले, "करा की. विचार करायला कुणाची ना आहे? फक्त खोट्या तारखेला सही करणाऱ्या बाईचं पुढे काय होतं, तेही त्या विचारात घ्या."

१८ मार्च, बुधवार

मास्तरांनी सही केली.

जेवणाच्या सुट्टीत विचारलं, अहो, तुम्हाला आठवत नाही का? शुक्रवार होता. माझा गाल सुजलेला होता. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "बाई, मी कागदावर असेल ते वाचतो. कागदावर चार आहे. मी चार वाचलं."

मग खालच्या आवाजात म्हणाले, "माझे पाच महिने राहिलेत."

मला राग यायला हवा होता. आला नाही. माझी तरी सही चारचीच आहे ना प्रुफावर!

१९ मार्च, गुरुवार

दिवसभर त्यांनी वाचलं, मी तपासलं. कामाशिवाय एक शब्द नाही.

२२ मार्च, रविवार

बाइंडरला सगळं सांगितलं. त्याच्या भावाच्या घरी गेले, उंबऱ्यातच सांगून टाकलं. सर्व्हे नंबर, सही, चार तारीख. तो आपल्या बोटांकडे बघत राहिला. सरस लागून लागून त्यांची कातडी चामड्याची झालीये. मग म्हणाला, "ताई, शिव्या घालाव्यात तर तुम्ही स्वतःच घालून आलात." आणि चप्पल घालून मला वकीलबाईंकडे घेऊन गेला.

वकीलबाई माझ्या भाचीएवढी. जिन्याखालच्या खोलीत बसते, टेबलाला एक पाय विटेचा. सगळं ऐकून म्हणाली, "काकू, दंतवैद्याचा कागद सकाळचा आहे. ते म्हणतील, संध्याकाळी प्रेसला आल्या होत्या. तुम्ही घरी होतात आणि काम सहाला झालं, याचं त्या वेळचं काही लिखाण आहे?"

मी नाही म्हटलं. पटकन म्हटलं.

बाइंडर माझ्याकडे बघतच राहिला. त्याला माहीत आहे ना! त्यानेच शिवलीय. पण तोंडातून ब्र काढला नाही त्याने. परत येताना कोपऱ्यावर एवढंच म्हणाला, "वही तुमची आहे, ताई."

२३ मार्च, सोमवार

पहिल्यापासून चाळली. अरे देवा. जानेवारीत वन्संबद्दल काय काय लिहिलंय! ह्यांच्या घोरण्याचं एक अख्खं पान. व्यवस्थापकांना दिलेलं नाव. फेब्रुवारीत मी घर सोडून एकटीने खोली घ्यायचा विचार केला होता, चार दिवस, भाड्याच्या चौकशीसकट. आणि सहा तारखेच्या पानावर ती मास्तरांच्या आवाजाची ओळ. नेमकी त्याच पानावर!

फाडून टाकावी वाटली. निदान ती ओळ तरी. मग पानावरचा आकडा दिसला, आणि दोऱ्याचा टाका.

२४ मार्च, मंगळवार

वकीलबाईंना वही दाखवली. तिने ४, ५ आणि ६ ची पानं वाचली, वाचताना एकदा हसली, मग शिवण बघितली, पानांचे आकडे बघितले, आणि वही दोन्ही हातांनी परत दिली. "काकू, ही तुम्ही दिलीत तर त्यांच्या फायलींना उत्तर आहे. पण पूर्ण वही द्यावी लागेल. तीन दिवसांची टंकलेली प्रत सोबत जोडू. एक ओळ जरी झाकली तरी विचारतील, अजून काय झाकलंय?"

मी विचारलं, माझ्या खोट्या तारखेचं काय? "ते तुमच्यावर येणार. तुम्ही स्वतः सांगितलंत म्हणून थोडं हलकं होईल. होणारच नाही असं मी सांगत नाही." खरं बोलते पोरगी.

आणि मास्तर? ते शपथेवर खोटे ठरणार. हे तिने सांगायची गरज नव्हती.

२५ मार्च, बुधवार

व्यवस्थापकांना सांगितलं, मी सही करणार नाही. त्यांनी पाणी मागवलं, स्वतःच प्यायले. दुपारी माझं टेबल गोदामाशेजारी हलवलं. मास्तरांसमोर आता नवा कारकून बसतो. मागून ऐकू येत होतं — मास्तर थांबून थांबून वाचत होते, तो मागे पडत होता.

२६ मार्च, गुरुवार

घरी सांगितलं. जेवण झाल्यावर दोघांना बसवून. माझी वही कोर्टात जाणार, तिच्यात तुमच्याबद्दल लिहिलंय, चांगलं थोडं आहे.

वन्सं म्हणाल्या, "कोर्टाच्या आधी मला वाचून दाखव. परक्यांकडून ऐकायची मला सवय नाही." वाचून दाखवलं, दातांसकट. शेवटी म्हणाल्या, "एक दाढ खोटी आहे माझी. तेवढं दुरुस्त कर." आणि भांडी घासायला गेल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

ह्यांनी स्वतः वाचली, चष्मा कपाळावर, वही नाकाशी. फेब्रुवारीच्या त्या चार दिवसांवर फार वेळ थांबले. मी ओट्यापाशी उभी, हातात फडकं. "खोली बघितलीस का मग?" नाही म्हटलं. "बरं," म्हणाले. मग वही मिटून, "दुखतंय का असं विचारून मी उत्तर ऐकलं नव्हतं. तेही लिहिलंयस." मला रडू आलं.

२७ मार्च, शुक्रवार

टंकलेली प्रत आली. मूळ वहीशी ताडून, खाली "ताडून पाहिले" असं लिहून सही करायची. हे मला एकटीने येत नाही! तीस वर्षांत कधी केलंच नाही. वाचणारा लागतो.

ह्यांना बसवलं. हे वाचतात छान, बातम्या देतात तसे — स्वल्पविराम गिळतात, "वगैरे" पदरचं घालतात. दोन ओळींत माझी जागा हरवली. वन्संनी वाचून बघितलं, तर प्रत्येक वाक्यावर मत. सोडून दिलं. सोमवारी द्यायचीय.

२८ मार्च, शनिवार

सुटताना मास्तरांच्या टेबलापाशी थांबले. किती दिवसांनी. म्हटलं, एक मजकूर ताडायचाय, सोमवारी कोर्टात द्यायचाय, वाचणारा मिळत नाही. कसला मजकूर ते सांगितलं. तुमचंही नाव त्यात आहे, म्हटलं.

त्यांनी पट्टी खणात ठेवली, कुलूप लावलं, आणि गेले. बरोबरच आहे. मी असं विचारायलाच नको होतं.

२९ मार्च, रविवार

सकाळी दहाला दार वाजलं. मास्तर. खिशात चष्मा, हातात पट्टी.

वही त्यांच्यापुढे ठेवली, प्रत मी घेतली. हे आणि वन्सं आतल्या दारात उभे. मास्तरांनी तीनही दिवस वाचले, पहिल्या अक्षरापासून, एकूण एक खुणेसकट. "सहा मार्च स्वल्पविराम शुक्रवार." आवाजाची ओळ आली. पट्टी तिथे जरा थांबली. "हे कुणाला सांगायचं नाही पूर्णविराम." मग पट्टी खाली सरकली. प्रतीत एक चूक निघाली, एक काना.

मी सही केली. त्यांनी पेन मागितलं. मी म्हटलं, अहो, तुमचं प्रतिज्ञापत्र चार म्हणतंय.

"कागदावर सहा आहे, बाई. मी सहा वाचलं."

माझ्या सहीखाली त्यांनी सही केली. खाली तारीख घातली, आजची.